चित्रपटरूप बखर : आर्नेमच्या मोहिमेवरील दोन युद्धपट

चित्रपटासारख्या करमणुकीच्या वस्तूची चिकित्सा या त्रैमासिकाच्या पानांत कां असावी, असा प्रश्न आमचे कांहीं विद्वान् मित्र करतील. जुने कागद वाचणें, शिक्के ताडून पाहणें, मोडी पत्रांच्या तारखा लावणें हें येथलें मुख्य काम, हें आम्हांस मान्य आहे. परंतु बखर ही देखील एके काळीं ऐकणाऱ्याचें मन रमावें म्हणून रचली व वाचली जात होती. तरी पानिपताविषयींचें पहिलें मत सामान्य मराठी माणसानें बखरीवरूनच बनविलें, आणि तें मत हालवावयास कै. राजवाडे यांस १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड छापावा लागला. आजच्या काळीं फसलेल्या मोहिमेची बखर पडद्यावर लिहिली जाते. तेव्हां तिची साक्षही बखरीच्याच कसोटीस लावून पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

उदाहरणासाठीं आम्हीं दुसऱ्या महायुद्धांतील आर्नेमची मोहीम घेतली आहे. या एकाच पराभवावर निरनिराळ्या काळीं निघालेले दोन इंग्रजी चित्रपट उपलब्ध आहेत, आणि त्यांच्याशीं ताडून पाहण्याजोगे मूळ कागदही पुष्कळ आहेत; असा योग क्वचित् जुळतो.

मोहिमेची हकीकत थोडक्यांत अशी. जर्मनीच्या सरहद्दीवरील तटबंदी वळसा घालून टाळावी, त्याकरितां हॉलंडमधील नद्यांवरचे व कालव्यांवरचे पूल अकस्मात् हस्तगत करावे व त्यांवरून रणगाड्यांची फौज उत्तरेस न्यावी, असा फील्ड मार्शल माँटगोमेरी यांचा बेत होता. १७ सप्टेंबर १९४४ पासून दोन अमेरिकन व एक ब्रिटिश अशा तीन छत्रीधारी डिव्हिजन आकाशांतून उतरूं लागल्या. मागून पोलंडची स्वतंत्र छत्रीधारी ब्रिगेड यावयाची होती. जनरल हॉरॉक्स यांच्या फौजेनें बेल्जमच्या सरहद्दीवरून एकाच सडकेनें सुमारें ६४ मैल चालून आर्नेमचा पूल गांठावयाचा होता. ती फौज पुलास पोंचली नाहीं. कर्नल फ्रॉस्ट यांनीं सातशेंवर माणसांनिशीं पुलाचें उत्तर टोंक २१ च्या सकाळपर्यंत धरून ठेविलें. बाकीची डिव्हिजन ऊस्टरबेक गांवाभोंवतीं कोंडली गेली. २५ च्या रात्रीं ऱ्हाइन ओलांडून माघार घेतली, तेव्हां पलीकडे गेलेल्या सुमारें दहा हजारांपैकीं अडीच हजारांहून कमीच परत आले. दीड हजारांच्या आसपास पडले, उरलेले बहुतेक कैद झाले.

पहिला चित्रपट ‘देअर्स इज द ग्लोरी’ हा १९४६ सालचा. दिग्दर्शक ब्रायन डेस्मंड हर्स्ट. यांत पेशेवाईक नट नाहींत. त्या लढाईंतून वांचलेलेच सैनिक १९४५ सालीं पुन्हां त्या गांवीं नेले, आणि पडलेलीं घरें व जळके रणगाडे अद्याप जागच्या जागीं असतांनाच त्यांजकडून त्यांचींच कृत्यें करवून घेतलीं. लढाईच्या वेळीं सैन्याच्या छायाचित्रकारांनीं घेतलेले तुकडेही मधून मधून जोडले आहेत. ऊस्टरबेक येथील आपलें घर जखमींसाठीं मोकळें करून देणाऱ्या श्रीमती केट टेर हॉर्स्ट यांत स्वतःच दिसतात. अशा साधनास आम्ही अखबाराची योग्यता देऊं. स्थळ खरें, माणूस खरा, कपड्यांवरची धूळही बहुधा खरी. परंतु अखबारनवीस ज्या दरबारांत बसून लिहितो त्या दरबाराविषयीं तो जितका बोलतो तितकाच हा चित्रपट बोलतो. मोहीम कां फसली, दोष कोणाचा, हा प्रश्न तो विचारीतच नाहीं. ज्यांच्याकडे दोष जाऊं शकेल ते सर्व सेनापति त्या वेळीं हयात व मानाच्या जागीं होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या मौनाचें कारण शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं.

दुसरा चित्रपट ‘अ ब्रिज टू फार’ १९७७ सालीं निघाला. याचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो. पुढें १९८२ सालीं त्यांनींच ‘गांधी’ काढला, म्हणून आपल्याकडे त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. आधार कॉर्नीलियस रायन यांच्या १९७४ सालच्या ग्रंथाचा. येथें मौन नाहीं. कारणें सांगावयाचीं, दोष दाखवावयाचा, हा या चित्रपटाचा उघड संकल्प आहे, आणि विजयाच्याच कथा पाहण्यास सोकावलेल्या प्रेक्षकांपुढें जवळजवळ तीन तास पराभवाची कथा मांडणें हें लहान धैर्य नव्हे. छत्र्यांनीं भरून गेलेलें आकाश जसें यांत दाखविलें आहे तसें दुसऱ्या कोणत्याही चित्रपटांत आमच्या पाहण्यांत नाहीं.

किरकोळ विसंगतींवर आम्ही शाई खर्च करणार नाहीं. आर्नेमचा परिसर बदलून गेल्यामुळें आयसेल नदीवरील डेव्हेंटर गांवचा पूल आर्नेमचा म्हणून उभा केला आहे. जर्मन रणगाड्यांच्या ठिकाणीं डच सैन्याचे युद्धोत्तर काळांतील लेपर्ड रणगाडे सोंग घेऊन फिरतात. नाटकांत लांकडी तरवार चालते, तसें हें चालावें. मात्र एक गोष्ट किरकोळ म्हणवत नाहीं. लढाईंत छत्री हातांत घेऊन फिरणारा एक ब्रिटिश मेजर चित्रपटांत कार्लाइल या नांवानें येतो व पुलापाशीं मरतो. ज्यावरून हें पात्र घेतलें ते मेजर टॅथम-वॉर्टर जखमी होऊन पकडले गेले, निसटले, लपून राहिलेल्या शंभराहून अधिक सहकाऱ्यांची सुटका घडवून आणण्यांत पुढें आले, आणि १९९३ पर्यंत जगले. चित्रपट निघाला तेव्हां ते जिवंत होते. शोकरसासाठीं जिवंत माणूस मारणें बखरकारासही सहसा सुचलें नाहीं. त्याची खोड मेलेल्यास तोतया करून उठविण्याची.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. या चित्रपटांत अपराधी म्हणून प्रेक्षकांच्या मनांत ठसतो तो एक पुरुष : ब्रिटिश छत्रीधारी सैन्याचे जनरल ब्राउनिंग. डर्क बोगार्ड यांनीं ही भूमिका केली आहे. चेहरा तुळतुळीत, पोशाख निष्कलंक, आवाज थंड. फुलर नांवाचा एक तरुण मेजर त्यांच्यापुढें विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें ठेवतो, आर्नेमजवळ झाडांखालीं शत्रूचे रणगाडे दडलेले आहेत हें दाखवितो. जनरल तीं बाजूस सारतात, आणि मेजरसाहेबांस प्रकृतीच्या सबबीवर रजेवर पाठवितात. प्रसंग परिणामकारक आहे, इतका कीं पुढील सर्व मरणें प्रेक्षक या एकाच टेबलाच्या खात्यावर मांडतो.

या प्रसंगास प्रमाण काय? फुलर म्हणजे ब्राउनिंग यांचे गुप्तवार्ता अधिकारी मेजर ब्रायन अर्कहार्ट. डिव्हिजनचे सेनापति जनरल अर्कहार्ट यांच्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून चित्रपटांत नांव बदललें. हे गृहस्थ पुढें संयुक्त राष्ट्रसंघांत मोठ्या पदास चढले व २०२१ सालीं वारले. त्यांचा शब्द आप्तवाक्य मानण्यास आमची हरकत नाहीं. त्यांना रजेवर पाठविलें हेंही खरें. पण तें छायाचित्र स्वतः अनेक वर्षें कोणासच दाखवितां येत नव्हतें. साक्षीदार एक, साक्ष घटनेनंतर बऱ्याच काळानें सांगितलेली, आणि मूळ कागद गहाळ, अशा स्थितींत आपले संशोधक जी सावधगिरी बाळगतात ती पटकथाकारानें बाळगली नाहीं.

युद्धाला सुमारें सत्तर वर्षें झाल्यावर ब्रिटिश हवाई दलाच्या इतिहास शाखेचे सेबास्टियन रिची यांनीं हॉलंडमधील विमानछायाचित्रांच्या संग्रहांतून बहुधा तेंच छायाचित्र शोधून काढलें. त्यांत झाडांखालीं रणगाडे आहेत. म्हणजे अर्कहार्ट खोटें बोलले नव्हते. परंतु रणगाडे जुन्या बनावटीचे, आणि रिची यांच्या निष्कर्षाप्रमाणें ते हेर्मान ग्योरिंग डिव्हिजनच्या शिकाऊ तुकडीचे. ज्या दोन एस. एस. डिव्हिजनांनीं पुढें आर्नेमला घात केला, त्यांचे ते नव्हते. एवढ्यावरून मोहीम थांबवावी असें ब्राउनिंग यांस वाटलें नाहीं, यांत चित्रपट सुचवितो तितका मूढपणा उरत नाहीं. त्या दोन डिव्हिजनांचा सुगावा सांकेतिक संदेश उलगडून वरच्या गोटांत लागलेलाच होता; आयझेनहॉवर यांचे चीफ ऑफ स्टाफ बेडेल स्मिथ हे ती धास्ती घेऊन स्वतः माँटगोमेरी यांजकडे गेले होते, व तेथून रिकाम्या हातीं परतले. दोष होता, पण तो अनेक टेबलांवर वांटलेला होता. त्यांपैकीं सर्वांत मोठ्या टेबलाचा धनी माँटगोमेरी हा या चित्रपटांत पात्र म्हणून येतच नाहीं! छत्र्या पुलापासून सहा-आठ मैल दूर कां उतरल्या, सर्व सैन्य एके दिवशीं न उतरवितां तीन दिवसांत वांटून कां आणलें, हें ठरविणारे हवाई अधिकारी ब्रेरेटन व विल्यम्स हेही नाहींत.

एका माणसाच्या स्वभावांत सगळ्या अनर्थाचें मूळ दाखविणें ही बखरीची जुनी पद्धत. भाऊसाहेबांचा ताठा मधें उभा केला कीं पैशाची तंगी, रसद तुटणें, यात्रेकरूंचा व बुणग्यांचा भार, हें सारें त्याच्या सावलींत दडून जातें. पत्रें वाचणाऱ्यास तें पुन्हां दिसूं लागतें. (पानिपतावर २०१९ सालीं निघालेल्या हिंदी चित्रपटाचा विचार स्वतंत्रपणें व्हावयास पाहिजे. सूरजमल जाटाच्या चित्रणावरून राजस्थानांत गलबला उठतांच त्यांतून सुमारें अकरा मिनिटें कापलीं गेलीं, एवढेंच येथें नमूद करतों. बखरीच्या पोथींत क्षेपक शिरतात. चित्रपटांतून पानें फाडलींही जातात.)

तर मग ब्राउनिंग निर्दोष काय? मुळींच नव्हे. त्यांनीं पहिल्याच दिवशीं आपल्या मुख्य ठाण्यासाठीं ३८ ग्लायडर अडविले, ज्यांतून लढणारे शिपाई आर्नेमला नेतां आले असते. हा आक्षेप कागदांनीं सिद्ध आहे. चित्रपट पाहून तो कोणास कळणार नाहीं. याहून गंभीर गोष्ट पोलिश ब्रिगेडचे सेनापति सोसाबोव्स्की यांची. हे आरंभापासून या बेताविषयीं साशंक होते. त्यांची ब्रिगेड धुक्यामुळें अडकून २१ तारखेस नदीच्या दक्षिणेस ड्रील येथें उतरली, आणि मूठभर होड्यांतून गोळीबाराखालीं जेवढीं माणसें पलीकडे नेतां आलीं तेवढीं तिनें नेलीं. मोहीम संपल्यावर १७ ऑक्टोबरास माँटगोमेरी यांनीं लंडनला लिहिलें कीं, पोलिश ब्रिगेड नीट लढली नाहीं. २० नोव्हेंबर १९४४ रोजीं ब्राउनिंग यांनीं वरिष्ठांस पत्र पाठवून सोसाबोव्स्की हे वादखोर असून त्यांस मोहिमेची निकड उमगत नव्हती अशी तक्रार केली, व त्यांस दूर करावें असें सुचविलें. डिसेंबरांत त्यांची ब्रिगेड त्यांच्याकडून काढून घेतली गेली. युद्धानंतर हा सेनापति इंग्लंडांत एका कारखान्यांत मजुरी करून राहिला व १९६७ सालीं वारला.

चित्रपटांत सोसाबोव्स्की आहेत. जीन हॅकमन यांनीं त्यांची भूमिका केली आहे, आणि शंका घेणारा शहाणा म्हणून त्यांजवर दिग्दर्शकाचा लोभही दिसतो. पण कथा माघारीपाशीं संपते आणि तें पत्र कथेबाहेर राहतें. म्हणजे असें झालें : ज्या अपराधास एकाच माणसाची आठवण हा आधार होता तो प्रसंग रंगवून दाखविला, ज्या अपराधाचा सहीशिक्क्याचा कागद उपलब्ध आहे तो गाळला. ब्राउनिंग १९६५ सालींच निवर्तले होते. त्यांच्या पत्नी, प्रसिद्ध कादंबरीकार डॅफ्ने द्यू मॉरिए, यांस हें चित्रण फार लागलें. त्यांची तक्रार निराधार नव्हती. मात्र पोलिश कुटुंबांची तक्रार अधिक जुनी व अधिक जड होती, आणि तिला पडद्यावर जागा मिळाली नाहीं.

हें असें कां होतें याचें उत्तर आम्हांस नाट्यशास्त्रांत सांपडतें. युद्ध, राज्यभ्रंश, मरण व नगराचा वेढा या गोष्टी अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत, प्रवेशकांतून सांगाव्यात, असा भरतमुनींचा दंडक आहे. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखे अपवाद आहेतच. युद्धपटानें हा दंडक उलटा केला. जें प्रवेशकांत घालावयाचें तें त्यानें अंकांत घातलें. आणि खलिता लिहिला जाणें, तो पोंचणें, न पोंचणें, त्यावर शेरा पडणें, या ज्या गोष्टींनीं मोहिमा बुडतात त्यांना बाहेर बसविलें. पत्र लिहिणारा हात पडद्यावर मंद दिसतो. जळता पूल नाहीं.

चित्रपटाचें नांव ज्या वाक्यावरून घेतलें त्याची कथाही तपासण्याजोगी आहे. आपण एक पूल अधिकच दूर जात आहों, अशा अर्थाचें वाक्य ब्राउनिंग यांनीं मोहिमेपूर्वीं माँटगोमेरी यांस ऐकविलें, असें जनरल अर्कहार्ट यांच्या १९५८ सालच्या ग्रंथांत आहे. चित्रपटांत तेंच वाक्य ब्राउनिंग पराभवानंतर, हात झटकतांना बोलतात. जागा बदलतांच अर्थ फिरला. आधीं उच्चारलें तर इशारा, नंतर उच्चारलें तर निलाजरेपणा. तारीख पुसलेलें पत्र भलत्या सालांत लावल्यानें काय होतें तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मूळ वाक्याविषयींही शंका घेण्यास जागा आहे. आर्नेमचा पूल वगळला तर या मोहिमेस अर्थच उरत नव्हता, मग तो एक पूल दूरचा कसा म्हणावा?

सोसाबोव्स्की यांस हॉलंडनें २००६ सालीं मरणोत्तर पदक दिलें, व त्यांच्या ब्रिगेडच्या निशाणावर तेथील सर्वोच्च लष्करी मान चढला. आमच्या संग्राहक मित्रांपैकीं कोणी या चित्रपटाची तबकडी बाळगीत असल्यास त्यांनीं तिच्या वेष्टनांत दोन नकला घालून ठेवाव्या, अशी विनंति आहे : एक, हॉलंडांत सांपडलेल्या विमानछायाचित्राची, दुसरी, २० नोव्हेंबर १९४४ च्या पत्राची.