पेशीला नेमकं काय जाणवतं? तीन पेपर, एक वाद

मेकॅनोबायॉलॉजीत पीएचडी करायची असेल, तर एंग्लर आणि सहकाऱ्यांचा २००६ चा 'सेल'मधला पेपर तुमच्या हातात पडणारच. जरूर वाचा, पण तो एकटाच वाचू नका.

त्यांनी अस्थिमज्जेतल्या मूळपेशी पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर वाढवल्या. ०.१ ते १ किलोपास्कलच्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, ८ ते १७ वर स्नायूंच्या आणि २५ ते ४० वर हाडांच्या. मायोसिन-२ बंद पाडलं की हा फरक उरत नाही. म्हणजे पेशी खालचा पृष्ठभाग ओढून बघते. ओढायची साखळी अशी: पेशीपटलातलं इंटेग्रिन बाहेर कोलॅजनला धरतं आणि आत टॅलिनला, टॅलिन अ‍ॅक्टिनला धरतं. ताण आला की टॅलिनच्या घड्या उलगडतात आणि तिथे व्हिन्क्युलिन येऊन बसतं.

आता खरी मेख. कोलॅजन या जेलला आपोआप चिकटत नाही, ते रसायनाने जोडावं लागतं. जेल मऊ केलं की त्याची छिद्रंही बदलू शकतात आणि कोलॅजनच्या गाठी लांब लांब पडू शकतात. मग पेशीला कळलं काय, जेलचा मऊपणा की गाठींचा सैलपणा? २००६ च्या पेपरात हे दोन्ही वेगळे केलेले नाहीत. शीर्षक मात्र ठाम आहे.

ट्रॅपमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'नेचर मटेरियल्स'मध्ये इथेच बोट ठेवलं. सिलिकॉनच्या पृष्ठभागाचा ताठरपणा बदलूनही पेशींमध्ये फरक पडला नाही, तेव्हा उत्तर गाठींमध्ये आहे, असं त्यांचं म्हणणं. पण सिलिकॉन आणि जेल यांच्यात इतरही बरंच वेगळं असतं!

२०१४ मध्ये त्याच नियतकालिकात वेन आणि सहकाऱ्यांनी, तेही एंग्लर यांच्याच गटातून, ताठरपणा तोच ठेवून छिद्रं बदलली. मग जोडणारं रसायन कमी-जास्त केलं. पेशी ताठरपणाच्याच मागे गेल्या.

मला हा तिसरा पेपर जास्त पटतो. तो मूळ दाव्याची बाजू घेतो म्हणून नाही, तर एका वेळी एकच गोष्ट बदलतो म्हणून. तरी हे सगळं सपाट जेलवरचं आहे. शरीरातली ऊती त्रिमितीय असते आणि ताणल्यावर हळूहळू सैलावते. म्हणून प्रपोजलमध्ये 'ताठरपणा पेशीचं भवितव्य ठरवतो' असं सरसकट लिहू नका. कुठल्या जेलवर, किती किलोपास्कलला, कोलॅजन कसं जोडून, तेही लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा तिथूनच येईल.