श्यामची चोरी आणि माझं रजिस्टर

'श्यामची आई' मी सातवीत असताना एका स्पर्धेसाठी वाचलं. कुठल्या प्रसंगातून काय बोध मिळतो, असे प्रश्न असायचे. 'मोठा होण्यासाठी चोरी' या प्रकरणाचं उत्तर मी पाठ केलं होतं: चोरी करणं पाप आहे. पाचपैकी पाच मार्क. तेच प्रकरण मी मागच्या वर्षी पुन्हा काढून वाचलं. कारण त्याच्या आदल्याच दिवशी बिडकीनमधल्या एका पत्र्याच्या खोलीत जाऊन मी नऊ वर्षांच्या मुलीकडून एक पुस्तक वसूल करून आणलं होतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाव बिडकीन. संभाजीनगरहून पैठणला जाताना मध्ये लागतं ते. ऑरिकच्या बातम्यांमुळे आता बाहेरच्यांनाही नाव माहीत झालंय. जमिनी गेल्या, मोबदले आले, काहींच्या दारात गाड्या आल्या. गोष्टीचं पुस्तक घ्यायचं झालं तर मी अजूनही शहरात, औरंगपुऱ्यातच जातो. तिथूनच दिवाळीच्या बोनसमधून ४६ पुस्तकं आणली, एक पत्र्याची पेटी घेतली आणि मजुरांच्या वस्तीजवळ चुलत बहिणीच्या घरी ठेवली. दर रविवारी पेटी उघडायची, पुस्तक न्यायचं, सात दिवसांत परत आणायचं. इंजिनियर असल्यामुळे प्रत्येक पुस्तकावर क्यूआर कोडचं स्टिकर, मागे गूगल शीट, आणि मुदत टळली की ती ओळ आपोआप लाल. तीन महिन्यांनी ४६ पैकी ४५ पुस्तकं जागेवर होती. एकाचंही पान दुमडलेलं नव्हतं. मी त्यावर लिंक्डइनला पोस्ट टाकली. (ती अजून आहे. काढायचं धाडस होत नाही, कारण लाइक बरेच आहेत.)

लाल ओळ एकच होती. माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन'. मुलीने आधी सांगितलं, हरवलं. मग सांगितलं, धाकट्या भावाने फाडलं. मी घरी गेलो. आई वीटभट्टीवरून नुकतीच आली होती, ओशाळून "भाऊ, बसा" म्हणाली. मुलगी काही बोलेना. मी अगदी शांतपणे, समजुतीच्या आवाजात म्हणालो, "खरं सांग, मी रागावणार नाही." ती उठली, पिठाच्या डब्यामागून पुस्तक काढून आणलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं होतं. पहिल्या पानावर निळ्या पेनाने तिचं नाव, इयत्ता तिसरी, आणि खाली रेघ. माझं क्यूआर कोडचं स्टिकर तिने नखाने खरवडून काढलं होतं. घरी आल्यावर मी नवीन स्टिकर छापलं आणि बरोबर तिच्या नावावर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी 'श्यामची आई' काढलं. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं, असं आपण कौतुकाने सांगतो. त्या वेगाचा परिणाम पुस्तकावर दिसतोही. भावना सलग वाहते आणि लेखक थांबून स्वतःच्याच गोष्टीकडे तिरकं बघत नाही. या प्रकरणात श्याम दुसऱ्याचे पैसे उचलतो. खाऊसाठी नाही, खेळण्यासाठी नाही, पुस्तकांसाठी. आई त्याच्याकडून कबुली घेते. गोष्टीचा सगळा जोर त्या कबुलीवर येतो, आणि मराठी घरांनी नव्वद वर्षं ती कबुली डोळे पुसत वाचली आहे. मीही वाचली होती. या वेळी मात्र मला आई दिसेना. मला दिसला तो मुलगा, ज्याला पुस्तक हवं आहे आणि ते सरळ मार्गाने मिळेल अशी एकही वाट गोष्टीत नाही. चोरीचा निकाल लागतो, पण भूक मागेच राहते. साने गुरुजींसारख्या माणसाला ती दिसली नसेल असं नाही. गोष्ट वाट्याला आली ती मात्र बोधाच्या.

आणि त्या प्रकरणाचं नाव बघा. 'मोठा होण्यासाठी.' पुस्तक कशासाठी? मोठं होण्यासाठी. माझी तक्रार खरी या दोन शब्दांशी आहे. कारण आपल्याकडे गरीब मुलांपर्यंत पुस्तकं नेणारा जवळजवळ प्रत्येक उपक्रम, माझ्या पेटीसकट, याच दोन शब्दांवर उभा आहे. पुस्तक म्हणजे शिडी. शिडी कोणी घरी ठेवत नाही, चढून झालं की पुढच्याला देतात. दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, 'वाचन प्रेरणा दिन' असतो. २०१५ पासून आहे. त्या दिवशीचे फोटो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिले असतील. रांगेत बसलेली मुलं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक. फोटो झाल्यावर ती पुस्तकं कुठे जातात? माझ्या शाळेत ती कपाटात जायची आणि किल्ली ज्या सरांकडे असायची त्यांची दर दोन वर्षांनी बदली व्हायची.

कपाटाला दोष देणं सोपं आहे, म्हणून थोडं थांबतो. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ पासून आहे. अनुदान घेणारी अकरा-बारा हजार ग्रंथालयं आहेत, 'अ' पासून 'ड' वर्गापर्यंत. ग्रामपंचायती २८ हजारांच्या आसपास. म्हणजे गावागणिक ग्रंथालय ही गोष्ट कागदावरही पूर्ण झालेली नाही आणि ती व्हायलाच हवी. संभाजीनगरच्या बायजीपुऱ्यात एका शाळकरी मुलीने २०२१ मध्ये स्वतःकडची पुस्तकं बाहेर काढून मोहल्ला लायब्ररी सुरू केली. पुढे शहराच्या वेगवेगळ्या मोहल्ल्यांत अशा तीसेक लायब्रऱ्या झाल्या. त्या बातमीत सगळ्यांनी 'लायब्ररी' हा शब्द अधोरेखित केला. मला आता 'स्वतःकडची' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. तिच्याकडे आधी तिची म्हणून पुस्तकं होती, म्हणून तिला ती देता आली.

पुस्तक मालकीचं असण्याने नेमकं काय होतं? २०१० साली २७ देशांतल्या आकडेवारीवर एक गाजलेला अभ्यास आला होता. घरात पुस्तकं जास्त, तर मुलांचं शिक्षण जास्त वर्षं, आईवडिलांचं शिक्षण आणि काम हिशेबात धरूनही. पण माझं रोजचं काम डेटाचं आहे. दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणजे एकीने दुसरी वाढवली असं नसतं, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. घरातली पुस्तकं हे कारण असेल किंवा नुसती खूण असेल. त्यामुळे हा आकडा मी बाजूला ठेवतो आणि पुस्तकाकडेच वळतो. समीक्षेची शिस्त सोडून सांगायचं तर पिठाच्या डब्यामागच्या पुस्तकाकडे.

'चित्रवाचन' हे वाचून संपवायचं पुस्तकच नाही. मोठमोठी चित्रं, त्यात माणसं आपापल्या कामात. पहिल्यांदा बघताना आपल्याला गर्दी दिसते. दहाव्यांदा बघताना कोपऱ्यातलं कोणीतरी दिसतं. मग त्याला नाव पडतं, मग त्याची बायको, मग भांडण. पुरंदरे यांची ताकद ही की त्या मुलाला काही शिकवायला निघत नाहीत. चित्रात एकही गोष्ट 'मोठं होण्यासाठी' ठेवलेली नसते. असं पुस्तक सात दिवसांच्या मुदतीवर देणं म्हणजे लिमलेटची गोळी तोंडात टाकून लगेच बाहेर काढायला सांगणं. माझ्या ४६ पुस्तकांमध्ये ज्या एका पुस्तकाचा घाट हा नियम मोडायला भाग पाडतो, तेच एक परत आलं नाही. बाकीची पंचेचाळीस परत आली ती बहुतेक उघडलीच गेली नव्हती. 'दुसऱ्याचं आहे, फाटलं तर भरून द्यावं लागेल' म्हणून आयांनी ती फळीवर ठेवली आणि रविवारी परत पाठवली. माझ्या शीटमध्ये हा शंभर नंबरी यश होता.

गंमत म्हणजे पुस्तक घरात ठेवून पुन्हापुन्हा वाचायचं असतं हे याच घरांना नीट माहीत आहे. 'यांच्या घरात पुस्तक नसतं' असं आपण फार पटकन म्हणतो. माझ्या आजोबांकडे ज्ञानेश्वरी होती, लाल कापडात बांधलेली, पहिल्या पानावर त्यांचं नाव आणि घेतल्याची तिथी. आमच्या रस्त्याच्या टोकाला पैठण आहे, जिथल्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींतले अपपाठ काढून शुद्ध प्रत तयार केली. प्रती करून ठेवल्या जात होत्या, म्हणून तर त्यांत चुका शिरल्या. शेजारच्या गल्लीत कुराण जुजदानात गुंडाळून उंचावर असतं. त्या पलीकडे बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असतं. ही तिन्ही पुस्तकं कोणी वाचनालयातून बदलून आणत नाही. मोठ्यांसाठी आपण हे धरूनच चालतो. लहानांच्या बाबतीत मात्र आपल्याला रजिस्टर आठवतं.

बाबासाहेबांच्या चरित्रात श्यामच्या गोष्टीची दुसरी बाजू आहे आणि ती शाळेत बोध म्हणून कोणी विचारत नाही. भीमरावांना पुस्तक हवं असलं की वडील रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. पैसे नसले तर दागिना मागून आणायचे, तो गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवायचे. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. मुदतीवर नाही, भेट. त्या एका पुस्तकाचं पुढे काय झालं हे १९५६ ला सगळ्यांनी पाहिलं. पण मला मोह टाळायचा आहे. 'बघा, पुस्तक दिलं की माणूस मोठा होतो' असं म्हटलं की मी परत त्याच शिडीवर चढलो. रामजींना कुठे माहीत होतं पुढे काय होणार? मुलाला हवं होतं, म्हणून बांगडी गहाण पडली. एवढंच त्यांच्यापुरतं पुरेसं होतं.

पैशाचा मुद्दा उरतोच. रंगीत चित्रांचं बरं मराठी पुस्तक आज शंभराच्या आसपास जातं आणि वीटभट्टीवरच्या घरात शंभर रुपये म्हणजे तेल. स्वस्तात चांगलं छापता येतं, हे मात्र आपण एकदा पाहिलेलं आहे. सोव्हिएत काळात मॉस्कोहून छापून आलेली मराठी बालपुस्तकं लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात आणि प्रदर्शनांत अगदी किरकोळ किमतीला मिळायची. आज पन्नाशीतली माणसं त्यांच्याबद्दल हळवी होतात. मला वाटतं, त्या हळवेपणाचं निम्मं कारण ती पुस्तकं त्यांची स्वतःची होती हे आहे. अर्थात तो पैसा एका सरकारचा होता आणि ते सरकार १९९१ मध्ये संपलं. नंतर २००४ मध्ये प्रथम बुक्सने कमी किमतीची पुस्तकं आणि घडी घातलेल्या एका कागदावरची गोष्टीची कार्डं काढली. २०१५ मध्ये त्यांनी स्टोरीवीव्हरवर खुल्या परवान्याखाली पुस्तकं मोफत टाकली. आमच्या धंद्यातल्या ओपन सोर्ससारखंच हे, त्यामुळे मला त्याचं अप्रूप आहे. भाषेबद्दल मात्र कुरकुर आहे. अनुवादांतली कितीतरी मराठी अशी धुतलेली असते की आमच्याकडचं पोर 'अशी कोण बोलतंय?' म्हणून बघतं. आणि पीडीएफ ही मालकी नव्हे. तुम्ही हे फोनवर वाचताय, तो फोन तुमचा आहे. त्या मुलीच्या घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, रात्री नऊनंतर मिळाला तर मिळाला. म्हणजे तेही पुन्हा मुदतीवरच.

अमेरिकेत मार्गारेट मॅक्नमारा या बाईंनी १९६६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये 'रीडिंग इज फंडामेंटल' सुरू केलं. गरीब वस्तीतल्या मुलांना शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की पुस्तक आपल्याला ठेवायला मिळणार यावर मुलांचा विश्वासच बसत नाही. मग त्यांनी नियम केला: पुस्तक मुलाने स्वतः निवडायचं आणि कायमचं न्यायचं. मला वाटतं, यातला पहिला अर्धा भाग जास्त अवघड आहे. देणारा म्हणून मला अजून वाटतं की मी निवडलेलं पुस्तक जास्त बरं.

तर, माझी पेटी अजून आहे. उसने द्यायची पुस्तकं तिच्यात आहेत, कारण लायब्ररी बंद करावी असं मला कुठेही म्हणायचं नाही. फक्त वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाने एक पुस्तक उचलून घरी न्यायचं, त्याची शीटमध्ये नोंद नाही. 'श्यामची आई'च्या प्रतीही आहेत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून ते कोणीही छापू शकतं आणि म्हणून बऱ्यापैकी स्वस्त मिळतं. अजून कोणी ते उचललेलं नाही. किल्ल्यांची माहिती आणि विनोदांची चोपडी आधी संपते.

पहिल्या वाटपाच्या आधी मी 'चित्रवाचन' घेऊन त्या खोलीवर गेलो. स्टिकर काढायचा प्रयत्न केला होता, त्याच्याबरोबर तिच्या नावातलं एक अक्षर निघून आलं होतं. मुलीने पुस्तक घेतलं, उघडलं नाही. मागचं पान बघितलं आणि विचारलं, "दादा, कवा परत द्यायचं?"

मी म्हणालो, नाही द्यायचं.

तिने आईकडे बघितलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "असं कसं भाऊ? तारीख सांगा की. नाहीतर ही पोरगी फाडून ठेवील."

मी म्हणालो, फाडू द्या. त्यावर त्या हसल्या, पण पुस्तक तिच्या हातातून घेऊन त्यांनी फळीवर ठेवलं.