आधी शिक्क्यावर वाचून दाखवा

उंब्रजला सेवा रस्त्यावर उभं राहून महामार्गाच्या दोन्ही अंगांचे फलक वाचत गेलं की आपल्याकडच्या बोधचिन्हांची आजची अवस्था समोर येते. पतसंस्था असो, दूध डेअरी असो की शेतकरी उत्पादक कंपनी. उगवता सूर्य, पान, नांगर, दोन-तीन रंगांची छटा आणि भोवती गोल फिरवलेलं नाव ठरलेलंच. मोठ्या फ्लेक्सवर हे खपून जातं. तेच चिन्ह पावतीपुस्तकाच्या कोपऱ्यात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत आलं की नांगराची काडी होते, सूर्याचा डाग होतो आणि नावाच्या जागी नुसती करडी कड उरते. नवं काम बहुतेक सगळं याच वळणाचं आहे आणि त्याचा संताप येतो.

देवनागरीत ही चूक जास्त महागात पडते. ‘उंब्रज’ हेच नाव घ्या. फलकावरचं ठसठशीत अक्षर जसंच्या तसं शिक्क्याएवढं केलं की ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ शाईनं बुजते, किंवा पुसट होऊन ‘ब’चा ‘व’ होतो. रकार वरच्या गाठीला चिकटतो. अनुस्वार शिरोरेषेत मिसळतो. नाव वाचवायचं तर लहान आकारासाठी अक्षर पुन्हा काढावं लागतं: ‘ब’चं पोट मोठं, आतली रेघ बारीक, रकार खाली ओढलेला, अनुस्वार ठळक आणि शिरोरेषेपासून सुटा, अक्षरांत थोडी जास्त हवा.

हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्या खिळ्यांच्या जमान्यात प्रत्येक मापाचा ठसा वेगळा कोरावा लागे. लहान टाइप म्हणजे मोठ्याची आकसलेली प्रत नव्हे, हे कोरणाऱ्याच्या हातालाच ठाऊक होतं. कमल शेडग्यांची नाटकांची शीर्षकं वर्तमानपत्राच्या चिंचोळ्या जाहिरातीत छापली जात आणि तिथंही नाटकाचा स्वभाव डोळ्यांत भरे. कारण त्यांनी अक्षराबाहेरची सजावट न करता अक्षराचाच देह वळवला. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला तेव्हा संगणकाच्या पडद्यावर देवनागरी वाचता येणं हाच खरा प्रश्न होता. ‘एक टाइप’ या टाइप फाउंड्रीचा ‘मुक्त’ फॉन्ट तर आज फुकट मिळतो. मराठी बोधचिन्हाची खरी परंपरा ही आहे, अक्षरातून चिन्ह काढण्याची. बाकीच्या प्रवाहांवर फार शाई खर्च करायला नको. कुंचल्याचे फटकारे मारलेली सुलेखनी बोधचिन्हं सभागृहाच्या पडद्यावरच शोभतात. इंग्रजी आद्याक्षरांची गुंफण कुणाचीही असू शकते. संस्थापकांचा चेहरा हे छायाचित्र आहे, बोधचिन्ह नाही.

चित्रचिन्हाला माझा विरोध नाही. शेखर कामतांनी घडवलेलं स्टेट बँकेचं निळं वर्तुळ 1971 पासून इमारतीवर चालतं आणि पासबुकावरही चालतं, कारण त्यातून काढण्यासारखं काही शिल्लकच नाही. आपल्या संस्थांना मात्र काढायचं नसतं, भरायचं असतं. संचालक मंडळात एकाला ऊस हवा, दुसऱ्याला गाय, तिसऱ्याला नोंदणी क्रमांक. डिझायनर कोरलड्रॉमध्ये सगळं बसवून देतो, रंगीत ए-फोर प्रिंट टेबलावर फिरतं आणि ठराव मंजूर होतो. फ्लेक्सच्या ऑर्डरबरोबर लोगो मोफत मिळत असेल, तर लहान आकाराचं वेगळं रेखाटन कोण करून देणार? त्या कामाचे पैसे द्यायला हवेत आणि डिझायनरनंही ते मागायला हवेत.

म्हणून संस्थांनी रंगीत प्रिंटवर निर्णय घेणं बंद करावं. आधी एक इंचाचा रबरी शिक्का, काळ्या शाईत, खरखरीत कागदावर. तिथं नाव वाचता आलं तरच पुढं रंगांची चर्चा. फलकासाठी एक आणि बारीक छपाईसाठी दुसरं, अशी दोन रेखाटनं करारातच लिहून घ्यावीत. गोल फिरणारं नाव सरळ ओळीत आणावं, नोंदणी क्रमांक लेटरहेडच्या तळाशी न्यावा. सभासद संस्थेचा फ्लेक्स कपाटात जपत नाही. ऊसबिल, ठेवपावती आणि दुधाचं कार्ड जपतो. त्या कागदावर ज्या संस्थेचं नाव त्याला वाचता येत नाही, तिनं बोधचिन्हावर केलेला खर्च फक्त महामार्गावरून जाणाऱ्यांसाठी केलेला असतो.