'स्टेशन' शब्दाची कुळकथा

प्रत्येक इंग्रजी शब्दास मराठीत एकच ठरीव प्रतिशब्द असावा, असा आग्रह धरणाऱ्या विद्वानांनी एकवार पालघर-बोईसर भागात फिरून यावे. तेथे 'स्टेशन' हा एकच शब्द तीन रूपांनी भेटतो: गाडी थांबते ते रेल्वे स्टेशन, फिर्याद नोंदवावयाची ते पोलीस स्टेशन आणि तारापुरास १९६९ साली सुरू झालेले अॅटॉमिक पॉवर स्टेशन. मराठीने पहिल्यास स्थानक, दुसऱ्यास ठाणे व तिसऱ्यास केंद्र म्हटले. बोलण्यात मात्र नुसते 'स्टेशन' म्हटले की पोरासही ते रेल्वेचेच कळते.

हा गोंधळ नव्हे, विवेक आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उभे राहणे, उभे राहण्याची जागा. रोमन सैन्यात पहाऱ्याच्या चौकीस तो लावीत. आगगाडीशी त्याची सोयरीक एकोणिसाव्या शतकातली. इंग्रजीने जुन्याच शब्दावर नवे अर्थ चढविले. मराठीने कार्य पाहून निरनिराळे शब्द योजले.

मौज अशी की, परका ठरविलेला हा 'स्टेशन' आपल्या 'स्था' धातूचा भाऊबंदच आहे. स्थान, ठाण, ठाणे ही त्याच घराण्यातली. शिलाहारांच्या ताम्रपटांतील श्रीस्थानक तेच आजचे ठाणे, ज्याच्या जिल्ह्यात पालघर ३१ जुलै २०१४ पर्यंत मोडत होते. म्हणजे 'ठाणे स्टेशन' म्हणताना आपण एकच अर्थ दोनदा उच्चारतो! उलट, अस्सल संस्कृत म्हणून मिरविणारे 'केंद्र' ग्रीकांकडून ज्योतिषाच्या वाटेने आपल्याकडे आले.

तेव्हा जात विचारून शब्दास पंक्तीस बसविणे वा पंक्तीतून उठविणे आम्हास मान्य नाही. शब्द वस्तुस्थिती नेमकी दाखवितो की नाही, एवढीच कसोटी. तारापूरच्या पुढील दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या, तेव्हा अक्करपट्टी व पोफरण ही गावे हलवावी लागली. सरकारी भाषेत याचे नाव 'पुनर्वसन'. हा शब्द शुद्ध संस्कृत आहे. परंतु नवी वस्ती बसली एवढेच तो सांगतो, जुनी उठली हे सांगत नाही. साध्या मराठीत आपण 'गाव उठले' म्हणतो. भाषाशुद्धीची चिंता वाहणाऱ्यांनी 'स्टेशना'स खुशाल राहू द्यावे. आधी अशा शब्दांकडे पाहावे.