इलेक्ट्रॉन संरूपण आणि आवर्तसारणी : कार्यकारणसंबंधाची एक चिकित्सा

बीजशब्द : आवर्तसारणी, इलेक्ट्रॉन संरूपण, कक्षक, गण, संयुजा.

प्रस्तावना :
मूलद्रव्यांची आवर्तसारणी शिकविताना एक क्रम आता सर्वमान्य झाला आहे. प्रथम क्वांटम अंक, नंतर कक्षक, त्यानंतर इलेक्ट्रॉन भरण्याचे नियम आणि अखेरीस या सर्वांची निष्पत्ती म्हणून आवर्तसारणी. ही मांडणी सुबक आहे. परंतु तिच्यामुळे आवर्तसारणी ही इलेक्ट्रॉन संरूपणातून निगमनाने सिद्ध झालेली आहे, अशी समजूत दृढ होते. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक क्रम :
दिमित्री मेंडेलीव्ह यांनी आपली सारणी १८६९ मध्ये प्रसिद्ध केली. इलेक्ट्रॉनचा शोध मात्र १८९७ मध्ये लागला. मेंडेलीव्ह यांच्यापुढे त्या वेळी ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये, त्यांचे अणुभार, संयुजा आणि संयुगांची सूत्रे एवढीच सामग्री होती. एवढ्या आधारावर त्यांनी रिकाम्या जागा सोडल्या आणि तेथील अज्ञात मूलद्रव्यांना ‘एक’ हे संस्कृत संख्यापद जोडून नावे दिली. पुढे गॅलिअम (१८७५), स्कँडिअम (१८७९) व जर्मेनिअम (१८८६) यांच्या शोधाने त्यांची भाकिते खरी ठरली. टेल्युरिअमचा अणुभार आयोडीनपेक्षा अधिक असूनही त्यांनी टेल्युरिअमला आधी स्थान दिले, ते केवळ रासायनिक गुणधर्मांच्या आधारे. १९१३ मध्ये हेन्री मोस्ले यांनी क्ष-किरणांच्या अभ्यासातून अणुक्रमांकाचे महत्त्व प्रस्थापित केले आणि हा क्रम योग्य असल्याचे दिसून आले.

इलेक्ट्रॉन संरूपणाच्या यशाचे उदाहरण म्हणून हाफ्निअमचा उल्लेख नेहमी केला जातो. ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य विरल मृदा धातू नसून झिर्कोनिअमसदृश असावे, असे नील्स बोहर यांनी प्रतिपादन केले आणि कॉस्टर व हेवेसी यांना कोपनहेगन येथे ते झिर्कोनिअमच्या खनिजातच आढळले. हा शोध १९२३ मध्ये जाहीर झाला. तथापि कवचांतील इलेक्ट्रॉनांची संख्या निश्चित करताना बोहर यांनी ज्ञात रासायनिक गुणधर्मांचाही आधार घेतला होता. म्हणजेच ज्याचे स्पष्टीकरण द्यावयाचे, ते गृहीतकांत अंशतः समाविष्टच होते.

स्पष्टीकरणाचे सामर्थ्य आणि मर्यादा :
पाउली यांच्या १९२५ च्या अपवर्जन तत्त्वावरून कवचांची क्षमता २, ८, १८, ३२ अशी निघते. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु सारणीतील आवर्तांची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी आहे. ही द्विरुक्ती समजण्यासाठी ३डी पूर्वी ४एस कक्षक भरतो, हा आणखी एक नियम घ्यावा लागतो. या नियमाला क्रोमिअम व तांबे यांच्यासह सुमारे वीस अपवाद आहेत.

स्कँडिअमचे उदाहरण येथे विशेष उद्बोधक आहे. पोटॅशिअमचा अणू आणि द्विधन स्कँडिअम आयन या दोहोंत प्रत्येकी १९ इलेक्ट्रॉन असतात. पोटॅशिअममध्ये शेवटचा इलेक्ट्रॉन ४एस मध्ये, तर स्कँडिअमच्या आयनात तो ३डी मध्ये आढळतो. यावरून कक्षकांचा ऊर्जाक्रम कायमचा ठरलेला नसून केंद्रकावरील प्रभारानुसार तो बदलतो, हे स्पष्ट होते. ‘४एस आधी भरतो, मग रिकामाही तोच आधी का होतो?’ या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या शंकेचे मूळही येथेच आहे.

दहाव्या गणातील निकेल, पॅलेडिअम आणि प्लॅटिनम यांची बाह्य संरूपणे अनुक्रमे ३डी८ ४एस२, ४डी१० आणि ५डी९ ६एस१ अशी आहेत. तिन्ही संरूपणे भिन्न, तरीही गण एकच. पॅलेडिअम तर पाचव्या आवर्तात असूनही त्याच्या मूळ अवस्थेतील अणूच्या पाचव्या कवचात एकही इलेक्ट्रॉन नाही. उलटपक्षी हेलिअमचे बाह्य संरूपण बेरिलिअमप्रमाणेच एस२ असूनही त्याचे स्थान निष्क्रिय वायूंमध्ये आहे. म्हणजे संरूपणाचे साम्य हा एकाच गणातील समावेशाचा आवश्यक निकष ठरत नाही आणि पुरेसाही ठरत नाही.

तिसऱ्या गणाचा वाद हा याच प्रश्नाचा पुढील टप्पा होय. इट्रिअमखाली लँथॅनम असावे की ल्युटेशिअम, याबाबत मतभेद आहेत. २०१५ मध्ये लॉरेन्सिअमची आयनन ऊर्जा सुमारे ४.९६ इलेक्ट्रॉनव्होल्ट मोजली गेली. हे मूल्य त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन डी ऐवजी पी कक्षकात मानणाऱ्या गणिताशी सुसंगत आहे. असे असूनही रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अभ्यासगटाने २०२१ च्या तात्पुरत्या अहवालात ल्युटेशिअम व लॉरेन्सिअम यांना तिसऱ्या गणात ठेवण्याची शिफारस केली. या निर्णयात संकेताचाही भाग असल्याचे त्याच अहवालात मान्य केलेले आहे.

समारोप :
वरील विवेचनाचा अर्थ इलेक्ट्रॉन संरूपण निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. त्याच्याशिवाय आवर्तितेचे कारण सांगता येत नाही. परंतु ते आवर्तसारणीचे स्पष्टीकरण आहे, उगमस्थान नव्हे. सारणीचा पाया पदार्थांच्या प्रत्यक्ष वर्तनाच्या निरीक्षणात आहे. इलेक्ट्रॉन भरण्याचा क्रम दर्शविणारी तिरप्या बाणांची आकृती हे स्मरणाचे साधन आहे. ती निसर्गनियम म्हणून शिकविली गेल्यास विद्यार्थी अपवाद पाठ करतो, पण ते अपवाद का आहेत हे विचारणे सोडून देतो. म्हणून पदवी स्तरावरील अध्यापनात गुणधर्म आधी आणि संरूपण नंतर असा क्रम ठेवणे, तसेच पॅलेडिअम, हेलिअम यांसारखी उदाहरणे तळटीपेतून मुख्य पाठात आणणे इष्ट ठरेल. नियमाची मर्यादा समजणे हाही विज्ञानशिक्षणाचाच भाग आहे.