‘थंडरडोम’मधील मुलांची भाषा

जॉर्ज मिलर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाच्या ‘मॅड मॅक्स’ चित्रमालिकेतील तिसऱ्या चित्रपटासंबंधी रसिकांचे मत सामान्यतः प्रतिकूल आहे. १९७९ चा पहिला आणि १९८१ चा दुसरा चित्रपट ज्यांना प्रिय, त्यांना १९८५ चा ‘मॅड मॅक्स बियाँड थंडरडोम’ हा मालिकेचा ऱ्हास वाटतो. मुलांचा तांडा कथेत शिरला आणि मूळचा कठोरपणा नाहीसा झाला. पूर्वार्ध व उत्तरार्ध हे जणू दोन निराळे चित्रपट आहेत, असा आक्षेप घेतला जातो. (मिलर यांच्यासमवेत जॉर्ज ओगिल्व्ही हे सहदिग्दर्शक होते, हे त्याचे कारण म्हणून सांगण्याचा मोह होतो, पण श्रेयनामावलीवरून दोष सिद्ध करणे ही टीका नव्हे.) आक्षेप निराधार नाही. तथापि ज्या मुलांमुळे तो घेतला जातो, त्यांच्या बोलण्यातच या चित्रपटाचे खरे सामर्थ्य आहे.

दुसऱ्या चित्रपटातील रानटी मुलगा केवळ गुरगुरतो आणि तोच वृद्धपणी निवेदक झाल्यावर निर्दोष, जवळजवळ ग्रांथिक इंग्रजी बोलतो. मधल्या काळात ती भाषा त्याला कोठून लाभली, हा प्रश्न तेथे कोणालाच पडलेला नाही. तिसऱ्या चित्रपटात तो पडला आहे. विमान कोसळले, कॅप्टन वॉकर व इतर मोठी माणसे साह्य शोधण्यास गेली ती परतली नाहीत, आणि मागे राहिलेल्या मुलांनी ऐकीव शब्दांच्या अवशेषांवर आपली भाषा चालविली. जगाच्या विनाशाचा ‘अपॉकलिप्स’ हा शब्द त्यांच्या मुखी ‘पॉक्स-एक्लिप्स’ होतो. अर्थ हरपलेल्या शब्दात रोग व ग्रहण हे दोन ओळखीचे शब्द शोधले गेले. लोकव्युत्पत्तीचे याहून चोख उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल. सांगणे या अर्थाचे ‘टेल’ हे क्रियापद येथे नाम बनून एका विधीचे नाव झाले आहे. तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘स’ हा प्रत्यय ‘यू नोज’ असा भलत्याच पुरुषाला लागतो. ही कल्पना केवळ पटकथाकाराची लहर म्हणता येणार नाही. निकाराग्वामध्ये १९७७ नंतर मानाग्वाच्या शाळांतून एकत्र आलेल्या बधिर मुलांनी अपुऱ्या खुणांतून नियमबद्ध खूणभाषा उभारली, हे पुढे अभ्यासकांनी नोंदविले आहे. अर्थात् तेथे वारसा जवळजवळ शून्य होता व येथे तो मोडका आहे, हा भेद लहान नाही.

पूर्वार्ध निराळा आहे काय? बार्टरटाउन हे नगर डुकरांच्या विष्ठेतून निघणाऱ्या वायूवर चालते. पण त्याचे शासन चालते ते घोषवाक्यांवर. दोघे आत जातात, एकच बाहेर येतो, हा घुमटातील द्वंद्वाचा कायदा जमाव एकसुरात घोकतो. करार मोडणाऱ्यास चक्राला सामोरे जावे लागते, हा दंडही यमकातच बांधलेला. भूमिगत कारखान्याचा धनी मास्टर वीज तोडतो ती आँटी एंटिटीकडून एक वाक्य वदवून घेण्यासाठी. सत्ता कोणाची, हे तिने ध्वनिक्षेपकावरून सर्वांना ऐकवावे एवढीच त्याची अट. याच मास्टरच्या तुटक बोलण्यात मुलांकडे जास्तीचा झालेला तो ‘स’ गळालेला आहे. ‘हू रन बार्टरटाउन?’ असे तो विचारतो. हे योजून केलेले असो वा नसो, दोन समाजांतील अंतर या एका प्रत्ययाने दाखविले आहे. एका ठिकाणी पाठ केलेले वाक्य मारावयास लावते, दुसऱ्या ठिकाणी वाट पाहावयास लावते. आणि मॅक्स दोन्ही मोडतो. पराभूत ब्लास्टरला तो मारीत नाही, आणि आपण वॉकर नव्हे असे मुलांना सांगतो. दोन अर्धांना जोडणारा हा दुवा टीकाकारांनी पाहावयास हवा होता.

खरा दोष यानंतर येतो. सुटकेचा प्रसंग सुरू होताच चित्रपटाला भाषेचे विस्मरण होते व दुसऱ्या चित्रपटातील पाठलाग रुळांवरील वाहनासह पुन्हा घडतो. ब्रूस स्पेन्स हा नट तेथेही वैमानिक होता, येथेही आहे. तो तोच की दुसरा, हे पटकथेने स्पष्ट केलेले नाही. ही संदिग्धता नव्हे, निष्काळजीपणा आहे. फ्रेंच शिकविणारी ध्वनिमुद्रिका वाजते आणि मुले अर्थ न कळता तिच्यामागून म्हणतात, एवढा एकच क्षण या धांदलीत जिवंत वाटतो. वॉकरचा आवाज ऐकावयास मिळेल या आशेने जी तबकडी जपली, तिच्यातून निघाला तो परक्या भाषेचा पहिला धडा.

शेवटी सॅव्हाना उद्ध्वस्त सिडनीच्या एका इमारतीत तान्हे मूल घेऊन तेच ‘टेल’ सांगते. आता त्यात मॅक्स आला आहे. शहरात येऊनही तिचे व्याकरण कोणी दुरुस्त केलेले नाही. ‘यू नोज’ हे तेथेही तसेच आहे, आणि समोर बसलेली मुले ते तसेच शिकत आहेत.