कंसातले खेळाडू
मराठी क्रीडालेखन आणि धाराशिवचा खो-खो

मराठी वृत्तपत्रातली खो-खोची बातमी समजून घ्यायची, तर कंस वाचता यावे लागतात. अमक्या संघाने तमक्या संघावर एका गुणाने, इतकी मिनिटे राखून विजय मिळवला, एवढे एक वाक्य असते. त्यानंतर नावे येतात आणि प्रत्येक नावापुढे एक कंस : (२.१० मि., १.४० मि. व ३ गुण). याचा अर्थ असा, की ती खेळाडू पहिल्या डावात दोन मिनिटे दहा सेकंद पळाली, दुसऱ्या डावात एक मिनिट चाळीस सेकंद पळाली आणि पाठलाग करताना तिने तीन गडी टिपले. जाणकाराला यातून बरेच कळते. मात्र ती कशी पळाली, खांबाजवळ गोल धरून राहिली की साखळी करत पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, कुणाच्या हुलकावणीला फसली, हे त्या कंसात नसते. ते इतरत्रही कुठे नसते.

त्याच पानावर क्रिकेटचे मात्र सगळे असते. कुणाला कितव्या क्रमांकावर खेळवायला हवे होते, कर्णधाराने डाव केव्हा घोषित करायला हवा होता, यावर रविवारच्या अंकात लेख येतो आणि पुढच्या रविवारी त्याचे खंडन येते. फुटबॉलही आता फार मागे नाही. युरोपातल्या एखाद्या क्लबच्या प्रशिक्षकाने सत्तराव्या मिनिटाला खेळाडू बदलला, तर तो बरोबर होता की चूक, यावर धाराशिवच्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर तासभर वाद रंगतो. याच धाराशिवने राज्याला आणि देशाला खो-खोच्या उत्तमोत्तम मुली दिल्या. त्यांच्या खेळाबद्दल मात्र कुणी कुणाशी भांडत नाही. त्यांचे अभिनंदन होते.

व्यावसायिक खेळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर करार, बोली, दूरचित्रवाणी आणि पुरस्कर्ते येतात. जगातल्या व्यावसायिक फुटबॉलकडे आणि बास्केटबॉलकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. एका सामन्यापासून पुढच्या सामन्यापर्यंतचे दिवस मतांनी आणि वादांनी भरलेले असतात. प्रेक्षक त्या वादात घडतो. तो खेळ पाहायला शिकतो ते बऱ्याच अंशी त्याबद्दलचे भांडण ऐकून. खो-खोला गेल्या काही वर्षांत मॅट मिळाली, लीग मिळाली, विश्वचषकही मिळाला. ज्या भाषेत हा खेळ वाढला त्या भाषेतला वाद मात्र त्याला अजून मिळालेला नाही. प्रस्तुत लेख या उणिवेबद्दल आहे.

परंपरा होती

मराठीत खेळावर मत मांडण्याची परंपरा नव्हती, असे म्हणता येणार नाही. १९६२ साली ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाला आणि वि. वि. करमरकर यांनी मराठी दैनिकात खेळाला हक्काची जागा मिळवून दिली. त्यांचे लक्ष केवळ क्रिकेटवर नव्हते. कबड्डी, खो-खो, कुस्ती हे विषय त्यांनी गांभीर्याने घेतले आणि क्रीडा संघटनांच्या कारभाराचीही चिकित्सा केली. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचे धावते वर्णन मराठीत केले. त्यासाठी त्यांना शब्द शोधावे लागले आणि घराघरांतल्या श्रोत्यांनी ते स्वीकारले. १९८० च्या दशकात संदीप पाटील यांच्या संपादनाखाली ‘एकच षटकार’ निघाले. द्वारकानाथ संझगिरींनी क्रिकेटवरचा ललित लेख इतका लोकप्रिय केला, की ज्यांनी सामना पाहिलेला नसे तेही तो आवडीने वाचत.

या परंपरेने दोन गोष्टी सिद्ध केल्या. मराठीत खेळाचे बारकावे मांडता येतात आणि ते वाचणारा वर्गही आहे. मात्र करमरकरांची चिकित्सक दृष्टी पुढे क्रिकेटपुरती आक्रसत गेली आणि देशी खेळांच्या वाट्याला बातमी तेवढी उरली. ती बातमीही बहुतेक वेळा संघटनेच्या प्रसिद्धिपत्रकावरून तयार होते. एकाच स्पर्धेची बातमी दोन-तीन दैनिकांत जवळजवळ शब्दशः सारखी दिसते, त्याचे कारण हेच आहे. पत्रक काढणारा स्वतःच्या स्पर्धेच्या आयोजनाला नावे ठेवणार नाही आणि आपल्याच निवड समितीला जाबही विचारणार नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षा करणेही योग्य नाही, कारण ते काम समीक्षकाचे आहे आणि ती जागा रिकामी आहे.

गौरवाची भाषा

ही रिकामी जागा गौरवाने भरून निघते. २०२० साली सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार २२ वर्षांनी आला होता. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. त्या काळात एकवेळच्या जेवणावर काढलेल्या दिवसांबद्दल त्या स्वतः मोकळेपणाने बोलल्या आणि बहुतेक लेखांनी तेवढाच धागा उचलला. हलाखीची परिस्थिती, जिद्द, जिल्ह्याच्या शिरपेचातला मानाचा तुरा, असा तो साचा.

यातले काहीही खोटे नाही. गरिबीतून वर आलेल्या मुलीची कहाणी गावोगावच्या मुलींना बळ देते, म्हणून ती सांगितलीही पाहिजे. प्रश्न आहे तो त्यानंतर काय, हा. सारिका काळे यांच्या घरात काय शिजत होते ते वाचकाला कळले, पण मैदानात त्यांचा पाय कसा पडत होता ते कळले नाही. सचिन तेंडुलकरबद्दल लिहिताना त्याच्या सरळ ड्राइव्हबद्दल एक ओळही लिहिली नसती, तर आपण त्या लेखाला क्रीडालेख म्हटले असते का? खो-खोच्या मुलींबाबत मात्र हे आपल्याला खटकत नाही. त्यांचे दारिद्र्य हा लेखनाचा विषय होतो आणि त्यांचे कौशल्य कंसात जाते.

गौरवाच्या भाषेचा दुसरा तोटा असा, की ती प्रश्न विचारू देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले, तर पुरुष संघाने नेपाळलाच ५४-३६ असे. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते : प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. आनंद झाला, मिरवणुका निघाल्या, आणि ते योग्यच होते. पण याच स्पर्धेत भारतीय महिलांनी आपला पहिला सामना दक्षिण कोरियाविरुद्ध १७५-१८ असा जिंकला होता. या आकड्यावर मराठीत जोरदार चर्चा व्हायला हवी होती. इतक्या एकतर्फी सामन्यातून खेळ जगभर पसरतो की त्याचे हसे होते? नवख्या देशांना आधी काही वर्षे प्रशिक्षक पाठवून मग विश्वचषक भरवणे शहाणपणाचे ठरले असते, की विश्वचषक झाला म्हणूनच ते देश खेळू लागले? दोन्ही बाजूंनी बोलता येते. म्हणूनच तो वादाचा विषय आहे.

तीन गुणांचा सूर

वाद नसला की काय हरवते, हे नियमबदलांच्या बाबतीत सर्वात स्पष्ट दिसते. ज्या खो-खोवर आपण वाढलो त्यात नऊ जण पाठलागाला असत, नऊ मिनिटांची पाळी असे आणि बाद केलेल्या प्रत्येक गड्याला एक गुण मिळे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नसे. २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ सुरू झाली आणि हे सगळे बदलले. पाठलागाला सात जण, सात मिनिटांची पाळी, आखूड मैदान आणि कोणत्याही दिशेला पळू शकणारा ‘वजीर’. साध्या स्पर्शाने गडी बाद केला तर दोन गुण, सूर मारून बाद केला तर तीन. ठराविक वेळेहून अधिक तग धरणाऱ्या तुकडीला ‘ड्रीम रन’चे गुण.

त्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा जिंकला. शेवटच्या क्षणांत ओडिशा ४३-४५ असा मागे होता. सूरज लांडेने सूर मारून गडी टिपला आणि तीन गुण मिळवले. तोच गडी त्याने उभ्याने हात लावून बाद केला असता तर दोनच गुण मिळून बरोबरी झाली असती. विजेतेपद एका कौशल्याने ठरले, तितकेच ते एका नियमानेही ठरले. सूर मारण्याला एक गुण जास्त का? तो अवघड आहे म्हणून, की पडद्यावर चांगला दिसतो म्हणून? चपळ पायांनी गडी कोंडून सहज बाद करणाऱ्या खेळाडूचे मोल त्यामुळे कमी होते का? हे प्रश्न त्या रात्रीच पडायला हवे होते.

बास्केटबॉलचे उदाहरण येथे उपयोगी पडते. अमेरिकेच्या एनबीएने १९७९-८० च्या हंगामात तीन गुणांची रेषा आणली. लांबून चेंडू टाकला तर दोनाऐवजी तीन गुण. सुरुवातीला अनेकांनी तिला खेळाचा तमाशा म्हटले. त्या पहिल्या हंगामात एक संघ सामन्याला सरासरी तीनाच्याही आत असे प्रयत्न करत होता. आज ही सरासरी ३५ च्या आसपास आहे. उंच खेळाडूंचे महत्त्व, प्रशिक्षण, मुले कोणता सराव करतात, सगळे त्या एका रेषेने बदलले. आणि या चार दशकांत वाद एक आठवडाही थांबला नाही. फुटबॉलमध्येही १९९२ साली सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यावर बंदी आली, तेव्हा असेच झाले. नियम कुणीतरी बंद खोलीत केले, पण त्यांचा हिशेब उघड्यावर मागितला गेला.

आपल्याकडे नियम बदलले आणि मराठी वाचकाला ते जाहिरातीसारखे सांगितले गेले : आता खेळ अधिक वेगवान, अधिक थरारक. धाराशिव जिल्ह्यातल्या ज्या शाळांत मुली मातीच्या मैदानावर पळतात, तिथे या बदलाचा अर्थ काय? मातीवर सूर मारला की कोपर सोलते, मॅटवर तोच सूर तीन गुण देतो. वर्षानुवर्षे मातीवर संरक्षणाचा खेळ घोटवलेल्या मुलीला मॅटवरच्या निवड चाचणीत काय किंमत मिळते? याचे उत्तर प्रशिक्षकांकडे असेल. ते छापले गेले पाहिजे, म्हणजे त्याला कुणी आव्हान देईल.

मुलींशिवाय लीग

या सगळ्यात जी गोष्ट सर्वात मोठ्याने विचारायला हवी होती, ती ही : लीगचे पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे होते. खो-खो हा असा विरळा खेळ आहे, की ज्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण मुलींनी मुलांइतकेच, काही काळ मुलांहून अधिक नाव मिळवले. तरीही पैसा, करार आणि प्रक्षेपण आले ते आधी पुरुषांसाठी. धंद्याच्या अंगाने याला कारणे असतील. महिलांच्या सामन्यांना पुरस्कर्ते मिळत नाहीत, हे त्यांपैकी नेहमीचे. पण या कारणाची तपासणी करणार कोण? विश्वचषकाच्या वेळी महिलांचा सामना लोकांनी पाहिलाच की.

असा लेख धाराशिवमधून निघायला हवा होता, कारण इथे प्रश्न पोटाचा आहे. पुरुष खेळाडूला लीगचा करार मिळतो. मुलीपुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे आरक्षण, रेल्वे किंवा विमानतळ प्राधिकरणासारख्या संघांतली मोजकी जागा, नाहीतर लग्न. सत्काराच्या शालीने या अंतराची भरपाई होत नाही.

कोल्हापूरचा धडा

मराठीत असा वाद चालूच शकत नाही, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर कोल्हापूर आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा यांचे सामने असतात तेव्हा पेठापेठांत फुटबॉलशिवाय विषय नसतो. अमक्याला बाकावर का बसवले, परगावचे खेळाडू आणावेत का, पंचाने ऑफसाइड चुकीचा दिला का, यावर अस्सल कोल्हापुरी मराठीत खल होतो. स्थानिक दैनिके त्या खेळाला जागा देतात, कारण वाचक त्यांना जाब विचारतो. या ईर्ष्येतून कधी हुल्लडबाजीही होते, हे मान्य. पण याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला.

धाराशिवला कोल्हापूरची नक्कल करायची गरज नाही. खो-खोचा हंगाम वेगळा आहे, स्पर्धा चार-पाच दिवसांत उरकतात, दर आठवड्याला सामना नसतो. तरी दर आठवड्याला लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. एका तुकडीतल्या तिघींचा क्रम कसा लावावा? दमदार मुलगी आधी उतरवावी की पाठलाग करणाऱ्या दमल्यावर? राज्याच्या संघात पुणे, ठाणे, धाराशिव यांचा वाटा कसा ठरतो? साखळी, गोल, हूल, पाटी हे शब्द टिकवायचे की ‘स्काय डाइव्ह’ आणि ‘ड्रीम रन’पुढे सोडून द्यायचे? कबड्डीत २०१४ नंतर चढाईची ‘रेड’ झाली आणि कुणी हूं की चूं केले नाही.

एखाद्या जिल्हा दैनिकाने एका हंगामापुरता सोमवारचा अर्धा रकाना राखून ठेवावा. लिहिणारा माजी खेळाडू असावा, शक्यतो बाई असावी, आणि तिला संघटनेच्या पदाधिकाऱ्याला न रुचणारे लिहिण्याची मुभा असावी. दुसऱ्या आठवड्यात तिला उत्तर देणारे पत्र आले तर तेही छापावे. एवढे झाले तर पन्नास वर्षांनी धाराशिवच्या खो-खोचा इतिहास लिहायला बसणाऱ्याच्या हाती मिनिटे आणि सेकंद तर येतीलच, शिवाय त्या मुली नेमक्या कशा पळत होत्या, हेही त्याला कळेल.